विचार बदलले म्हणून आई नोकरी करते, की नोकरी करते म्हणून विचार बदलतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. समाजशास्त्रात एम.ए. करणारी एक विद्यार्थिनी प्रबंधासाठी सहा वर्षांखालच्या मुलांच्या आयांची पाहणी करणार आहे. स्त्री-पुरुषांच्या भूमिकांबद्दल ज्यांचे विचार पारंपरिक त्या आया पगारी काम कमी करतात आणि ज्यांचे समतेचे त्या जास्त करतात, असं तिचं गृहीतक आहे. हे बरोबर आहे का, आणि प्रश्नावलीत नेमकं काय विचारावं, असं तिनं विचारलं आहे.

कुटुंब आणि रोजगार या विषयावरच्या पाहण्यांमध्ये मी वीसेक वर्षं काम केलंय. सुरुवात दारोदार फिरणारी मुलाखतकार म्हणून केली, प्रश्नावल्या पुढे करायला लागले. त्या अनुभवावरून सांगते. तुम्ही म्हणता तो संबंध खरा आहे आणि जवळजवळ प्रत्येक पाहणीत दिसतो. पण तुम्ही कारणाचा बाण एकाच दिशेनं, विचारांकडून नोकरीकडे, काढलाय, आणि तोही एकाच माणसापासून. प्रबंधाची खरी मजा आणि खरी अडचण तिथेच आहे.

आधी संबंधाबद्दल. पहिल्या मुलानंतर आईची कमाई वडिलांच्या तुलनेत किती घसरते आणि पुढची अनेक वर्षं किती खाली राहते, हे अर्थतज्ज्ञ हेन्रिक क्लेवेन आणि सहकाऱ्यांनी सहा देशांसाठी एकाच पद्धतीनं मोजलं (२०१९). डेन्मार्कमध्ये ही घट साधारण २१ टक्के, स्वीडनमध्ये २६, अमेरिकेत ३१, ब्रिटनमध्ये ४४, ऑस्ट्रियात ५१ आणि जर्मनीत ६१ टक्के निघाली. हे आकडे त्यांनी ‘शाळेत जायच्या वयाआधी मूल असेल तर आईनं घरीच राहावं’ असं म्हणणाऱ्यांच्या प्रमाणाशेजारी ठेवून पाहिले. जिथे तसं म्हणणारे जास्त, तिथे घटही जास्त. वडिलांच्या कमाईवर मात्र मुलाच्या जन्माचा म्हणण्यासारखा परिणाम या सहापैकी कुठल्याच देशात नव्हता.

एवढं चित्र पाहिलं की ‘विचार बदला, नोकऱ्या वाढतील’ असं वाटणं साहजिक आहे. मलाही वाटायचं.

माझा तो समज एका बाईनं मोडला. एकाच कुटुंबाकडे काही काळाच्या अंतरानं पुन्हा पुन्हा जायचं अशी ती पाहणी होती. पहिल्यांदा गेले तेव्हा तिला सातवा महिना होता आणि ती पूर्णवेळ नोकरीत होती. ‘आई नोकरी करत असेल तर शाळेत न जाणाऱ्या मुलाचे हाल होण्याची शक्यता असते’ हे वाक्य मी वाचून दाखवलं. तिनं क्षणभरही न थांबता सांगितलं, “पूर्णपणे असहमत.” दुसऱ्यांदा गेले तेव्हा मुलगी दहा महिन्यांची होती आणि नोकरी सुटली होती. तेच वाक्य, उत्तर “सहमत.” आवाज खाली होता, मुलगी मांडीवर झोपली होती. तिसऱ्या भेटीत मुलगी चार वर्षांची होती आणि ही अर्धवेळ कामावर जात होती. या वेळी तिनं माझ्या हातातलं पर्यायांचं कार्ड स्वतःकडे घेतलं, पाचही पर्याय वाचले, बोट मधल्यावर ठेवलं आणि म्हणाली, “यात कुणाचं मूल ते लिहिलेलंच नाहीये. माझं की लोकांचं?”

तिन्ही वेळा ती मनापासून बोलत होती. फक्त पहिल्या वेळी नोकरी होती म्हणून तिला तसं वाटत होतं. दुसऱ्या वेळी नोकरी नव्हती, आणि जे हातातून गेलं त्याला काही अर्थ असावा लागतो, नाहीतर दिवस जात नाही. तुमची एका भेटीची पाहणी या बाईला दुसऱ्या भेटीत गाठेल आणि कागदावर लिहील की हिचे विचार पारंपरिक आहेत, म्हणून ही घरी आहे.

हा एकटीचा किस्सा म्हणून सोडून देता येत नाही. सुसान हिमेलवाइट आणि मारिया सिगाला यांनी ब्रिटनमधल्या लहान मुलांच्या आयांचा अभ्यास केला (२००४). जिथे आईचं मत आणि तिची प्रत्यक्ष परिस्थिती जुळत नव्हती तिथे पुढे काय बदलतं, हा त्यांचा प्रश्न होता. दोन्ही बदलतं, पण परिस्थितीपेक्षा मत बदलण्याचं प्रमाण जास्त होतं. ऑस्ट्रेलियात जॅनीन बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी त्याच त्या माणसांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. पहिल्या मुलानंतर स्त्री आणि पुरुष दोघांचेही भूमिकांबद्दलचे विचार पारंपरिकतेकडे सरकलेले दिसले. म्हणजे मूल होण्याआधी ज्यांना आपण समतावादी म्हणून मोजतो, तीच माणसं वर्षभरानं वेगळं बोलतात. मधल्या काळात कुणी त्यांना उपदेश केलेला नसतो. रात्री कोण उठतं, कामाचे तास कुणाचे कमी झाले, यातून ते बोलणं घडतं.

मग विचारांना काही वजनच नाही का? आहे. फक्त ते कुठे पडतं ते नीट पाहायला हवं.

पहिली गोष्ट, ‘स्त्री-पुरुष भूमिकांबद्दलचे विचार’ ही एक वस्तू नाही. आंतरराष्ट्रीय सामाजिक सर्वेक्षण कार्यक्रमानं (ISSP, अनेक देशांत एकच प्रश्नमाला घेऊन होणारी पाहणी) कुटुंब आणि भूमिका या विषयावर १९८८, १९९४, २००२, २०१२ आणि २०२२ साली फेऱ्या घेतल्या. तुम्ही बहुधा तीच प्रश्नमाला वापरणार आहात. त्यात ‘पुरुषाचं काम कमावणं आणि बाईचं काम घर सांभाळणं’ हे एक वाक्य आहे. ‘नोकरी करणारी आईसुद्धा मुलांशी तितकंच मायेचं नातं जोडू शकते’ हे दुसरं. ‘मुलाचे हाल होतात’ हे तिसरं. घरात दोघांनीही कमावावं का, हा आणखी वेगळा प्रश्न. या सगळ्यांची बेरीज करून एक गुण काढायची पद्धत आहे आणि तुमचे मार्गदर्शकही तेच सुचवतील. माझं मत विचाराल तर करू नका. दोघांनी कमावलंच पाहिजे आणि मुलाचे हाल होतात, ही दोन्ही वाक्यं एकाच बाईच्या मनात ठाण मांडून बसलेली मी शेकडो वेळा पाहिली आहेत. बेरजेत ती दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि बाई ‘मध्यम’ म्हणून नोंदली जाते. प्रत्यक्षात तिच्या मनात ओढाताण चालू असते.

आणि त्या ओढाताणीचा थेट परिणाम होतो. निकोल फोर्टिन यांनी श्रीमंत देशांतली मतं आणि बायकांचा रोजगार एकत्र पाहिला (२००५). त्यात कामावर जाणाऱ्या आईच्या मनातली अपराधीपणाची भावना वेगळी उठून दिसली. एकूण विचार समतेचे असलेल्या बायकाही या एका टोचणीपायी मागे हटत होत्या. म्हणून तुमच्या प्रश्नावलीत मुलाबद्दलचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. त्याला स्वतंत्र ठेवा.

जाता जाता, ही टोचणी कितपत खरी आहे तेही सांगून टाकते, कारण मुलाखतीत आया तुम्हाला हे विचारतीलच. रेचेल लुकास-थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी ६९ अभ्यास एकत्र करून पाहिले (२०१०). मूल लहान असताना आईनं नोकरी केल्याचा मुलांच्या पुढच्या अभ्यासातल्या प्रगतीशी किंवा वागणुकीतल्या अडचणींशी बहुतेक ठिकाणी संबंधच आढळला नाही. एकटी आई किंवा कमी उत्पन्न असलेल्या घरांत तर आईची नोकरी मुलांना फायद्याचीच ठरताना दिसली. पहिल्या वर्षात, काही घरांच्या बाबतीत थोडे वेगळे निष्कर्ष आहेत, ते लपवू नये. पण ‘हाल’ हा शब्द जितका भारी आहे तितका पुरावा त्यामागे नाही.

दुसरी गोष्ट, आणि तुमच्या आराखड्यात ही अजिबात नाही: कुणाचे विचार? तुम्ही फक्त आईला विचारणार आहात. आईच्या नोकरीचा निर्णय एकटी आई घेते असं आपण न सांगता धरून चालतो. हेही भूमिकांबद्दलचं एक मतच झालं की!

नवऱ्याची मुलाखत वेगळी घ्या. त्यात एक वाक्य हमखास येईल: “माझी काहीच हरकत नाही.” पहिली काही वर्षं मी या उत्तरापुढे ‘पाठिंबा’ असं लिहीत होते. आज लिहिणार नाही. हरकत नसणं म्हणजे परवानगी. परवानगी देणाऱ्याच्या दिवसात काहीच बदलत नाही. म्हणून पुढचा प्रश्न मी असा विचारायला लागले: मागच्या वेळी मूल तापानं फणफणलं तेव्हा रजा कुणी टाकली? आणि पाळणाघरातून फोन येतो तो कुणाच्या नंबरवर? या दोन उत्तरांवरून आई वर्षभरानं कामावर असेल की नाही याचा जो अंदाज यायचा, तो ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ अशा पाचपायरी मतांवरून कधी आला नाही.

आणखी एक प्रश्न आहे, तो जरूर घ्या. घरोघरी हा हिशेब कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर झालेला असतो: तिचा पगार वजा पाळणाघराची फी, बाकी उरतात एवढेसे, मग कशाला धावपळ? एका जोडप्यानं तो कागद मला दाखवलाही होता. नवऱ्याचा पगार त्यावर कुठेच नव्हता. मूल दोघांचं, घरखर्च दोघांच्या कमाईतून, पण पाळणाघराची फी मात्र वजा होते तिच्याच पगारातून. मी विचारलं, फी दोघांच्या पगारातून निम्मी निम्मी वजा केली तर? दोघंही कागदाकडे बघत बसले. ते काही जुनाट विचारांचे नव्हते. प्रश्नावलीत दोघांनीही समतेच्याच बाजूनं खुणा केल्या होत्या. भूमिकांबद्दलची खोलवरची धारणा मतांच्या वाक्यांत सापडत नाही, ती अशा वजाबाकीत सापडते. शिवाय हिशेब या महिन्याचा केलेला असतो. पाच वर्षं बाहेर राहिल्यानं चुकलेली बढती, निवृत्तिवेतनातला खड्डा, परत येताना घ्यावी लागणारी खालची पायरी, यातलं काहीच त्यात धरलेलं नसतं.

घराबाहेर मालकाचे विचार असतात. शेली कॉरेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत एकसारख्या पात्रतेचे बनावट अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवले (२००७). फरक एवढाच की एका अर्जावरून उमेदवार आई असल्याचं कळत होतं. मूल नसलेल्या बाईला आईच्या २.१ पट बोलावणी आली. वडील असण्याचा पुरुषांना तसा काहीच तोटा झाला नाही. आता विचार करा, अशी दोन-तीन नकारपत्रं आलेली आई तुमच्यासमोर बसून म्हणाली की “मूल लहान असताना घरीच बरं,” तर ते मत कुणाचं?

आणि तिसरे विचार असतात ‘लोकांचे’, म्हणजे लोकांचे असतील असे आपल्याला वाटणारे. लिओनार्डो बर्स्टिन आणि सहकाऱ्यांचा रियाधमधला प्रयोग (२०२०) तिथल्या १८ ते ३५ वयाच्या विवाहित पुरुषांवर होता. बायकांनी घराबाहेर काम करायला बहुसंख्य पुरुषांचा खासगीत पाठिंबा होता, पण इतरांचा तसा नाही अशी त्यांची समजूत होती. त्यातल्या काहींना आजूबाजूच्या पुरुषांचं खरं मत सांगितलं गेलं. एवढ्या माहितीनं बायकोचं नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत नोंदवणाऱ्यांचं प्रमाण २३ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर गेलं. हा प्रयोग खास आयांचा नव्हता, तरी मी तो प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. कुणाचंही स्वतःचं मत बदललेलं नव्हतं, फक्त शेजाऱ्याबद्दलचा गैरसमज दूर झाला होता. तेव्हा ‘तुमचं मत काय’ याच्या लगोलग ‘तुमच्या ओळखीच्या दहा जणांपैकी कितीजण असंच म्हणतील’ हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ लागतो आणि बायका तिथेच मोकळ्या बोलू लागतात.

विचार एका पिढीतून दुसरीत कसे उतरतात हा भाग मी थोडक्यात सांगते, कारण तुमच्या प्रबंधात त्याला एकच प्रश्न पुरेल. रॅकेल फर्नांडेझ, अलेसांद्रा फोग्ली आणि क्लॉडिया ऑलिव्हेटी यांनी अमेरिकेतली आकडेवारी पाहिली (२००४). दुसऱ्या महायुद्धात ज्या राज्यांतून जास्त पुरुष सैन्यात गेले तिथे जास्त बायका कामाला लागल्या, आणि अशा आयांच्या मुलग्यांच्या बायकाही पुढे जास्त प्रमाणात नोकरीत दिसल्या. डेन्मार्कच्या आकडेवारीत मात्र धागा उलट्या बाजूनं निघाला. तिथे स्वतःच्या आईनं कमी काम केलेलं असेल तर मुलीच्या कमाईतली घट मोठी होती, नवऱ्याच्या आईवडिलांशी संबंध दिसला नाही. देश वेगळे, काळ वेगळा, मोजलेली गोष्टही वेगळी, त्यामुळे मी यातला एक खरा आणि एक खोटा ठरवणार नाही. दोघांच्याही आयांबद्दल विचारा, एका ओळीचं काम आहे.

आता कायदे आणि सोयी. १९७७ पर्यंत पश्चिम जर्मनीच्या कायद्यात पत्नीला नोकरी करायला मुभा होती ती संसाराच्या कर्तव्यांशी जुळेल तेवढीच. आयर्लंडमध्ये सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की नोकरी सोडावी लागे, ती अट १९७३ मध्ये गेली. अशा ठिकाणी त्या काळात बायकांना मत विचारून काय कळलं असतं? आजही जिथे पाळणाघर नाही, किंवा आहे पण दुपारीच बंद होतं, तिथे आईचं मत आणि तिची नाइलाजानं झालेली सवय वेगळी करता येत नाही.

जर्मनीचंच पुढचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. पूर्व जर्मनीत आईनं पूर्णवेळ काम करणं अपेक्षित होतं आणि त्यासाठी पाळणाघरं होती. पश्चिमेत लहान मूल सोडून कामावर जाणाऱ्या आईला ‘राबेनमुटर’, म्हणजे पिल्लांना वाऱ्यावर सोडणारी कावळीण, असं हिणवणारा शब्दच रूढ होता. १९९० मध्ये दोन्ही देश एक झाले, कायदे एक झाले. बार्बारा ब्योलमान, आना राउटे आणि उटा श्योनबेर्ग यांनी त्यानंतरच्या आयांचा माग काढला. पूर्वेत वाढलेल्या बायका पश्चिमेत राहायला गेल्या तरी बाळंतपणानंतर लवकर आणि जास्त तासांसाठी कामावर परतत होत्या. पश्चिमेतून पूर्वेत गेलेल्या आया मात्र जवळजवळ पूर्णपणे तिथल्यासारख्या वागू लागल्या. आणि पश्चिमेतल्या ज्या कंपन्यांत पूर्वेकडच्या बायका मोठ्या संख्येनं रुजू झाल्या, तिथल्या स्थानिक आयांचंही परतणं बदललं. शेजारच्या टेबलावर कोण बसतं याला इतकं महत्त्व आहे.

तरी सोयी दिल्या की आपोआप सगळं होतं असंही नाही. ऑस्ट्रियात अनेक दशकांच्या काळात पालकत्वाची रजा आणि पाळणाघरं खूप वाढवली गेली. क्लेवेन आणि सहकाऱ्यांनी हिशेब केला तर आई-वडिलांच्या कमाईतल्या दरीवर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. माझा अंदाज असा की रजा फक्त आईच घेणार असेल तर लांबलेली रजा जुन्याच वाटणीला बळ देते. नॉर्वेनं १९९३ मध्ये या रजेतले चार आठवडे वडिलांसाठीच राखून ठेवले, त्यांनी घेतले नाहीत तर ते वाया जात. पुढे कित्येक वर्षांनी आंद्रेआस कोत्सादाम आणि हेनिंग फिन्सेरास यांनी पाहिलं, तर त्या बदलानंतर मूल झालेल्या घरांत कामाच्या वाटणीवरून भांडणं ११ टक्क्यांनी कमी होती आणि कपडे धुण्याचं काम सारखं वाटून घेण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त होती. चार आठवडे तान्ह्या मुलाला सांभाळणं ज्याच्या वाट्याला आलं, त्याच्या हातापायांत ते उतरलं.

समाजशास्त्रज्ञ कॅथरीन हकीम यांची मांडणी तुम्ही वाचलीच असेल: काही बायका घरकेंद्री, काही कामकेंद्री आणि बहुसंख्य परिस्थितीप्रमाणे जुळवून घेणाऱ्या. त्यांच्यावर टीका खूप झाली, पुष्कळशी योग्य. पण मधला गट सर्वांत मोठा असतो, हे मला घरोघरी दिसलं आहे. ज्या बाईला मनापासून मुलाजवळ घरी राहायचं आहे तिच्या मताला ‘मागासलेलं’ असा शिक्का तुमच्या विश्लेषणात कुठेही बसू देऊ नका. फक्त तिला दुसरा रस्ता उघडा होता का, हे तपासल्याशिवाय त्याला ‘निवड’ असंही म्हणू नका.

तर तुमच्या पाहणीबद्दल. तुमच्याकडे एकच वर्ष आहे हे मला माहीत आहे, वर्षानुवर्षं माग ठेवणं जमणार नाही. मग निदान पहिलं मूल पोटात असलेल्या काही बायका घ्या आणि सहा-आठ महिन्यांनी त्यांच्याकडे परत जा. संख्या तीसच असली तरी चालेल, तीनशे एकदाच भेटलेल्या आयांपेक्षा त्या जास्त सांगतील. बाळंतपणाआधी कामाचे तास किती होते आणि परत जाण्याबद्दल त्यांचा बेत काय होता ते पहिल्या भेटीतच लिहून घ्या, कारण नंतर विचारलं तर बेतही आठवणीत बदललेला असतो. नवऱ्याला वेगळ्या वेळी भेटा. आईची मुलाखत चालू असताना खोलीत दुसरं मोठं माणूस असेल तर कागदाच्या कोपऱ्यात तशी खूण करा. आमच्या नोंदींत त्या खुणेच्या घरांतली उत्तरं सरळ वेगळी पडायची. आणि कुणी “अवलंबून आहे” म्हणालं तर पर्यायात नाही म्हणून मधल्या चौकटीत ढकलू नका. पुढे रिकामी ओळ ठेवा आणि कशावर, ते तिच्याच शब्दांत लिहा.